कोल्हापुरात राहून गे किंवा लेस्बियन असणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गेली काही वर्षं लोकांनी मला फोनवर विचारलेत, रंकाळ्याच्या कट्ट्यावर विचारलेत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत कानाशी लागून विचारलेत. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. पेठेत वाढलेला, चाळिशी ओलांडलेला, एमआयडीसीत नोकरी करणारा गे माणूस आहे. आम्ही चार-पाच जण अधूनमधून भेटतो, नव्यानं फोन करणाऱ्याचं ऐकून घेतो. त्यातल्या दोघी लेस्बियन आहेत. मुलींविषयीची उत्तरं त्यांचीच, मी फक्त लिहून काढलीत.

मी गे आहे की नाही, हे नक्की कसं ओळखायचं?

याची रक्ततपासणी नसते. मन कुणाकडे ओढ घेतं, कुणाच्या आठवणीनं झोप उडते, कुणाबरोबर घर करावंसं वाटतं, हे वर्षानुवर्षं बघत गेलं की माणसाचं त्यालाच कळतं. कॉलेजात मित्राबरोबर एकदा काही झालं म्हणून कुणी गे ठरत नाही, आणि आजवर काहीच झालेलं नाही म्हणून कुणी गे नाही असंही ठरत नाही. काहींना पुरुष आणि बाई दोघांचीही ओढ असते. कुठला शब्द लावायचा याची घाई नको.

चालण्या-बोलण्यावरून तर अजिबात ठरवू नका. मऊ बोलणारे, कमरेत लचकणारे कितीतरी पुरुष बायका-पोरांत सुखी आहेत. आणि तालमीत रोज मातीत घुमणारा, मिशीला पीळ देणारा गडी गे असू शकतो. असतोही.

हा आजार आहे का? औषधानं जातो का?

आजार नाही, त्यामुळं जाण्याचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० ला तेच केलं. आपल्याकडच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनंही २०१८ मध्ये हा मानसिक आजार नाही असं जाहीर केलं. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी जून २०२१ मध्ये दोन मुलींच्या प्रकरणात, माणसाला 'बदलण्याचे' उपचार बंद करा असा आदेश दिला. हा निकाल देण्याआधी ते स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर जाऊन बसले होते, आपल्याला यातलं काय कळत नाही ते समजून घ्यायला. मला त्या निकालातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं. पुढं २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन धरावं, असं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. म्हणजे आज कुणी 'बरं करून देतो' म्हणाला, तर चूक त्याची आहे, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं त्याची तक्रार करता येते.

मी चोविशीत असताना आई मला एका डॉक्टरांकडं घेऊन गेली होती. त्यांनी मला बाहेर बसवलं, आईशी दहा मिनिटं बोलले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. आईला सांगितलं, 'लग्न उरकून टाका, आपोआप लायनीवर येईल.' त्या गोळ्यांनी मी ऑफिसात पेंगायचो, साहेबांच्या शिव्या खायचो. बाकी जिथल्या तिथं.

देवरुष्याकडं नेऊन धूर देणं, मारणं, 'बाहेरचं' काढणं हे तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात थेट गुन्ह्यात बसतं. नेणारे घरचेच असले तरी.

मग आपल्या लोकांत उदासी, नैराश्य एवढं का दिसतं?

लपवण्यानं. इलन मायर नावाच्या संशोधकानं २००३ मध्ये याची मांडणी केली, तिला अल्पसंख्याकांचा ताण असं म्हणता येईल. साधं सांगायचं तर रोजच्या आयुष्याचा ताण सगळ्यांनाच असतो, आपल्याला त्यावर आणखी एक थर असतो. टोमणे, मारहाण, अपमान हा त्याचा बाहेरचा भाग. 'आता कळेल, मग कळेल' ही सततची धास्ती, सगळं दडवून ठेवणं आणि लोक म्हणतात ते आपल्यालाच खरं वाटायला लागणं, हा आतला भाग. माझ्या अनुभवात आतला भाग माणसाला जास्त पोखरतो.

आणि मराठीत लपवणं इंग्रजीपेक्षा अवघड आहे, हे कुणी बोलत नाही. आपल्या क्रियापदालाच लिंग असतं. रविवारी कुठं गेला होतास, या साध्या प्रश्नाला 'मित्र आला होता' दर रविवारी म्हणता येत नाही, आणि 'मैत्रीण आली होती' म्हटलं की पुढं आठ वाक्यं खोटी बोलावी लागतात, प्रत्येक क्रियापद वळवून. गांधीनगरच्या कापडदुकानात काम करणारा एक पोरगा आहे. त्यानं यावर कोल्हापुरी तोड काढली. तो म्हणतो, 'आमचं माणूस आलं होतं.' माणूस आलं, माणूस जेवलं, माणूस रुसलं. दुकानातले लोक समजतात गावाकडची कुणीतरी असेल. पण तोच एकदा मला म्हणाला, 'दिवसभर प्रत्येक वाक्य तोंडात धरून मग सोडायचं. रात्री जबडा दुखतोय.' त्याला दातांच्या डॉक्टरांनी खरोखरच सांगितलं होतं, झोपेत दात खातोस म्हणून.

मला सारखं उदास वाटतं. हे साधं आहे की डॉक्टरांकडं जावं?

स्थळ आलं, प्रेम मोडलं, कुणी चारचौघांत बायल्या म्हटलं, तर दोन-चार दिवस वाईट वाटणारच. दोन आठवडे होऊन गेले तरी दिवसाचा बराच वेळ मन पडलेलंच आहे, झोप उडालीय किंवा उठवतच नाही, जेवण जात नाही, आवडीच्या गोष्टीत जीव रमत नाही, कामावर चुका व्हायला लागल्यात, तर डॉक्टरांकडं जा. रोजची दारू हीसुद्धा खूण आहे. आपल्याकडं तिला कुणी खूण मानत नाही, शनिवारची 'बैठक' म्हणतात. पण बैठक सोमवारपासूनच भरायला लागली की समजा.

मला मरावंसं वाटतं.

आत्ता हे वाचत असशील तर पुढचं नंतर वाच. १४४१६ लाव. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. खरं नाव सांगण्याची, कारण सांगण्याची सक्ती नाही. फोनवर बोलवत नसेल तर घरात किंवा शेजारी जो जागा असेल त्याच्याजवळ जाऊन बस. जीव धोक्यात असेल तर ११२, किंवा थेट सीपीआर या सरकारी दवाखान्याचा अपघात विभाग, जुनी माणसं ज्याला थोरला दवाखाना म्हणतात.

मित्रानं असं काही बोलून दाखवलं तर 'काय येड्यासारखं बोलतोस' म्हणून उडवू नका. सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्यानं विचार बळावत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. आणि पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही.

कोल्हापुरात चांगला डॉक्टर किंवा समुपदेशक कसा शोधायचा? गोष्ट बाहेर फुटली तर?

मानसोपचारतज्ज्ञ औषधं देतो, समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ बोलून काम करतो. कधी दोन्ही लागतात. वेळ घेण्याआधी फोनवर बेधडक विचारा : 'मी गे आहे, तुम्ही याला आजार मानता का?' उत्तर देताना समोरचा अडखळला, 'बघूया, तुम्ही या तर' म्हणाला, तर दुसरा नंबर लावा. 'त्याचा काही प्रश्न नाही, त्रास काय होतोय ते सांगा,' असं म्हणणारा आपला.

बाहेर फुटण्याची भीती खरी आहे. इथं डॉक्टर आत्याच्या दिरांचे मित्र निघतात आणि कंपाउंडर आपल्याच गल्लीतला. कायदा तुमच्या बाजूनं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय, आणि लैंगिक कल हे कारण काढून उपचारांत भेदभाव करता येत नाही हेही त्यात लिहिलंय. पण वेटिंगरूममधल्या बाकड्यावर शेजारच्या काकू भेटल्या तर कायदा काय करणार! म्हणून काही जण सांगलीचा डॉक्टर धरतात, काही जण व्हिडिओ कॉलवर पुण्याचा. त्यात कमीपणा नाही. फक्त घरात कॉल घेताना पंखा मोठा करून कुजबुजत बसू नका, गाडी काढा आणि शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला एखाद्या झाडाखाली थांबून निवांत बोला. मी तसंच करायचो.

घरी सांगावं का?

सांगणं हे कर्तव्य नाही. परदेशातल्या गोष्टी वाचून पोरांना वाटतं, सगळ्यांना सांगितलं नाही म्हणजे आपण भेकड. असं काही नाही. शिक्षण चालू आहे, पोट वडिलांच्या पैशावर आहे, भाऊ तापट आहे, तर आत्ता सांगू नका. आधी पायावर उभे राहा, एखादा मित्र असा धरा की घराबाहेर काढलं तर त्याच्याकडं महिनाभर राहता येईल.

पण माझं एक ठाम मत आहे. सगळ्यांना नको, एका तरी माणसाला माहीत हवं. ज्याच्यासमोर क्रियापद वळवावं लागत नाही असा एक. तो शून्याचा एक झाला की माणसाच्या चेहऱ्यात फरक पडतो, हे मी आजवर खूप जणांत बघितलंय.

माझा तो एक मला गंगावेशच्या दूधकट्ट्यावर मिळाला. मिळाला म्हणजे काय, शाळेपासूनचा मित्र. रात्री म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला आम्ही जायचो. म्हैस समोर उभी, धार काढणाऱ्याचा हात चालू, आणि मी त्या आवाजात सांगून टाकलं. त्यानं ऐकलं. काही बोलला नाही. गवळ्याला म्हणाला, आणखी एक पेला. तो प्याला, पैसे दिले, मला घरी सोडलं. पुढं तीन आठवडे फोन नाही. मी ठरवून टाकलं, संपलं. मग एका दुपारी बोअरची मोटार दुरुस्त करायच्या निमित्तानं तो दारात हजर. हातात पाना, आणि मान खाली घालूनच म्हणाला, 'दहावीला माझ्यासाठी भांडला होतास, ते त्यासाठी होतं होय रे?' मी म्हटलं, नाही लगा, तू त्यातला नाहीस. त्याला थोडं वाईटच वाटलं, असं मला अजून वाटतं.

सांगताना एवढं बघा : सणासुदीला नको, भांडणात नको, कुणाच्या लग्नघरात नको. ऐकणाऱ्याला वेळ द्या. तुम्हाला कळायला दहा वर्षं लागली, त्याला दहा मिनिटांत कसं झेपेल?

घरात लग्नाचा तगादा लागलाय. काय सांगू?

पहिल्या स्थळाला जो नाही म्हणत नाही, त्याला दहाव्याला म्हणणं जास्त अवघड जातं. पोहे खाऊन, मुलीला प्रश्न विचारून, मग 'पत्रिका जुळत नाही' म्हणणं हे त्या मुलीवरही अन्याय करणारं आहे. कारण सांगायचं नसेल तर नकार तरी स्पष्ट द्या : 'मला लग्न करायचं नाही, हा माझा निर्णय आहे.' वर्षभर घरात धुमसतं, पै-पाहुणे मामाला मध्ये घालतात, एखादी आत्या रडते. मग हळूहळू लोकांचा उत्साह ओसरतो, धाकट्या चुलतभावाचा नंबर लागतो.

लग्न करून सगळं ठीक होईल, हे तर मनातूनच काढा. काहीही ठीक होत नाही, फक्त दुःखात आणखी एक माणूस सामील होतं.

माझं लग्न झालंय, दोन मुलं आहेत. आता काय?

आम्हाला येणाऱ्या फोनांत असे बरेच असतात. शिव्या ऐकायच्या तयारीनंच बोलायला सुरुवात करतात. आम्ही शिव्या देत नाही. पण बायकोच्या तब्येतीशी खेळ नको, हे पहिल्याच फोनवर सांगतो. बाहेर संबंध असतील तर निरोध वापरा, एचआयव्हीची तपासणी नियमित करा. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते आणि गुप्त राहते, १०९७ वर फोन करून विचारता येतं. धोका झालाय असं वाटलं तर बहात्तर तासांच्या आत दवाखाना गाठा, तेवढ्या वेळात संसर्ग टाळायची औषधं सुरू करता येतात. बायकोला सांगायचं की नाही, वेगळं व्हायचं की नाही, याचं उत्तर एका फोनवर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आधी समुपदेशकाकडं एकट्यानं जा.

आम्ही दोघी एकमेकींवर प्रेम करतो. घरच्यांना कळलंय, फोन काढून घेतलाय.

हे उत्तर आमच्या मैत्रिणींनी सांगितलंय. मुलींचं सुरुवातीला कुणालाच काही वाटत नाही. दोघी एका ताटात जेवल्या, एका अंथरुणात झोपल्या, तर 'काय गट्टी आहे बघा' म्हणून कौतुक होतं. खटकायला लागतं ते पहिलं स्थळ नाकारल्यावर. मग फोन जातो, कॉलेज बंद होतं, महिन्याच्या आत साखरपुडा ठरतो. मुलग्याला निदान रात्री बाहेर पडायला गाडीची किल्ली असते. मुलीला दळण आणायला जायचं तरी सोबत कुणीतरी देतात.

दोघीही अठरा पूर्ण असाल तर कुठं आणि कुणाबरोबर राहायचं हे तुमचं तुम्ही ठरवू शकता. डांबून ठेवणं, मारणं, जबरदस्तीनं लग्न लावणं हा त्रास वडील-भाऊ देत असले तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मुलीला संरक्षण मागता येतं. तो कायदा फक्त सासरसाठी नाही. महिलांची हेल्पलाइन १८१. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. चौकशीचा नंबर १५१००.

घर सोडायची वेळच आली तर आधार कार्ड, दहावी-बारावीची मार्कलिस्ट आणि बँकेचं पासबुक बरोबर ठेवा. 'मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीनं जात आहे' असं सहीनिशी लिहून पोलीस ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, पोचपावती जपा. कारण दुसऱ्या दिवशी घरचे हरवल्याची तक्रार देतात, हे ठरलेलं. न्यायालयात गेलात तर सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२४ च्या सूचना लक्षात ठेवा : न्यायाधीशांनी मुलीचं म्हणणं घरच्यांच्या दबावाबाहेर ऐकावं, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिला बदलायला पाठवू नये. आधी अशा अर्जासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. एवढ्या एका गोष्टीनं गडहिंग्लज-चंदगडच्या मुलीचा केवढा फेरा वाचला!

अठरा पूर्ण नसतील तर घर सोडू नका, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर बोला.

पुण्या-मुंबईला निघून जावं का?

जमत असेल तर दोन-चार वर्षं जाऊन या, असं मी म्हणतो. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट सुरू केली, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट. आपल्यासारखी माणसं एका खोलीत हसत-खिदळत बसलेली पहिल्यांदा बघणं हा वेगळाच अनुभव असतो. मी तेव्हा काही न बोलता कोपऱ्यात तीन कप चहा प्यालो होतो.

पण कोल्हापूर सोडलं की सगळं सुटतं असं नाही. पुण्यात कुणी ओळखत नाही याचं पहिल्या महिन्यात सुख वाटतं, सहाव्या महिन्यात तापानं फणफणताना तेच खायला उठतं. इथं आजारी पडलो तर समोरच्या वहिनी न विचारता पेज आणून ठेवतात. त्याच वहिनी 'लग्नाचं कुठवर आलं' हेही विचारतात. दोन्ही एकाच पातेल्यातून येतं. मी परत आलो तो आईच्या गुडघ्यांसाठी, असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे मला गणपतीत आमच्या तालमीचा ताशा वाजवायचा होता.

आपल्याच लोकांत मला परकं वाटतं. असं का?

कारण आपले लोकही याच मातीतले. डेटिंग ॲपवर बघा : 'रांगडा मर्द, बायल्यांनी मेसेज करू नये.' ज्या शब्दानं शाळेत आपल्याला रडवलं तोच शब्द आपण पुढच्याला फेकून मारतो. जात विचारली जाते, कधी आडनावावरून, कधी 'कुठल्या गल्लीत राहतोस' अशा गोड वाटेनं. शहरातल्या कार्यक्रमांत सगळं इंग्रजीत चालतं, हातकणंगल्याचा पोरगा टाळ्या तेवढ्या वाजवतो. लेस्बियन मैत्रिणी म्हणतात, तुमच्या गटात आम्ही चहा करायला नाही आलो. बरोबर म्हणतात.

आणि ॲपवर आपुलकी शोधायला जाऊच नका. इथं उघडलं की तेच सात-आठ बिनतोंडाचे फोटो. एकदा मला 'चारशे मीटर' अंतरावरचा एक भेटला, खूप गप्पा झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या आरतीत माझ्या शेजारी घंटा वाजवत होता तोच निघाला. दोघांनीही आरती एका दमात संपवली.

देवीचा कोप, जोगता, यल्लम्मा, याचा काही संबंध आहे का?

मुलगा मुलीसारखा वागला, केसांत जट आली, की आमच्या भागात लोकांना सौंदत्तीची यल्लम्मा आठवते. देवीला वाहिलेल्या पुरुषांची, म्हणजे जोगत्यांची परंपरा जुनी आहे, त्यांच्यातल्या कित्येकांना स्वतःला बाई म्हणून जगायचं असतं आणि देवीनं त्यांना त्यासाठी जागा दिली. तो प्रश्न स्वतःला कोण समजतो याचा. गे असणं म्हणजे पुरुष असून पुरुषाची ओढ असणं. दोन्हींची गल्लत करून एखाद्या पोराला जबरदस्तीनं देवीला सोडणं भयंकर आहे.

मी स्वतः दर मंगळवारी अंबाबाईला जातो. तिनं आजवर काही हरकत घेतलेली नाही.

कुणीतरी फोटो, चॅट दाखवून पैसे मागतोय.

एक रुपयाही देऊ नका, दिला की मागणी वाढते. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर पोलिसांकडं तक्रार करा. ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. तुम्ही गे असणं हा गुन्हा नाही, त्यामुळं ठाण्यात तुम्ही फिर्यादी म्हणून जाता. एकटे जाऊ नका, वकील किंवा खमका मित्र बरोबर न्या.

कायदा सध्या काय म्हणतो?

थोडक्यात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. त्याआधी २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दिलेलं सुख २०१३ मध्ये काढून घेतलं गेलं होतं, म्हणून २०१८ ला आम्ही कितीतरी दिवस विश्वासच ठेवला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं लग्नाचा हक्क मात्र मिळाला नाही. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायद्याचं बळ दिलं, तेव्हाही 'समाज बुडाला' म्हणणारे होतेच. मी वाट बघतोय.

आम्ही आई-वडील आहोत. आमचं काय चुकलं?

काही नाही. लाडानं होत नाही, माराने होत नाही, वडील परगावी नोकरीला होते म्हणून होत नाही. एक वडील वारणेच्या काठावरून आले होते, पांढरी टोपी, हातात उसाच्या बिलाची पिशवी. दीड तास त्यांनी ऊस, पाणी आणि कारखाना याशिवाय काही बोललं नाही. उठताना म्हणाले, 'पोरगं जेवत नाही वो.' आम्ही सांगितलं, आज ताटावर बसल्यावर एवढंच म्हणा, मला कळलंय, तू जेव. ते तसं म्हणाले की नाही माहीत नाही. पण पोराचा नंतर फोन आला, की बापानं स्वतः मटण केलं होतं, तांबडा जरा जास्तच तिखट झाला होता.

म्हातारपणी आपलं कोण?

लग्न झालेल्यांनाही हा प्रश्न असतोच. पण कागद करून ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं स्पष्ट केलंय की आपल्या जोडीदाराबरोबर संयुक्त बँक खातं काढायला आणि त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही. बँकेतला साहेब हे ऐकून गोंधळतो, तर 'मित्र' लिहून घ्या म्हणावं, भांडण नको. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. आणि मानसिक आरोग्य कायद्याखाली मानसिक आजाराच्या उपचारांच्या वेळी आपल्या वतीनं बोलणारा माणूस तुम्ही आधीच लेखी नेमू शकता. तो नात्यातलाच हवा असं नाही. भावकीतल्या ज्या काकांनी वीस वर्षांत तोंड दाखवलं नाही, ते दवाखान्यात सहीला पुढं नकोत ना?

तुम्ही कधी, कुठं भेटता? मला यायचंय.

वार आणि जागा इथं छापत नाही, कारण एकदा छापली होती तेव्हा दोन टवाळ पोरं येऊन मोबाइलवर शूटिंग करत बसली होती. आधी फोनवर बोलणं होतं, मग सांगतो. पहिल्या वेळी नाव विचारत नाही. गप्प बसून राहिलात तरी चालतं. चहाचे पैसे ज्याचे त्यानं द्यायचे, भेळ मात्र शेवटी येणारा घेऊन येतो.